आईची पहिली केमो पुढच्या आठवड्यात आहे: ही औषधे नेमके काय करतात आणि कोणत्या त्रासाला लगेच धावायचे?

अबोली:

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वी तिच्या डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली. गाठीच्या कडा स्वच्छ आहेत असे अहवालात म्हटले आहे, मात्र काखेतील दोन लसीकाग्रंथींमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या. गाठ हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातील हॉर्मोनच्या बळावर वाढणारी) आणि हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त प्रमाणात नसलेली) आहे. आता पुढच्या आठवड्यापासून केमोथेरपी सुरू होणार आहे. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही दोन औषधे दर तीन आठवड्यांनी चार वेळा, आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला एकदा असे १२ वेळा द्यायचे ठरले आहे.

डॉक्टरांनी समजावून सांगितले, पण त्या वेळी आम्ही इतके गोंधळलेलो होतो की घरी आल्यावर निम्मे आठवेना. संमतीपत्रासोबत दोन पाने भरून दुष्परिणामांची यादी दिली आहे. त्यात केस गळणे आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होणे या दोन्ही गोष्टी एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक छापलेल्या आहेत. यातले काय जवळजवळ नक्की होणार, काय क्वचित होते, काय सोसायचे आणि कशासाठी रात्री दोन वाजता रुग्णालय गाठायचे, हे त्या यादीवरून कळत नाही.

आईने मला एकच प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. ती म्हणाली, "गाठ तर काढली ना? मग आता हे औषध कशावर देणार?" शिवाय, औषध कर्करोगावर असेल तर केसांचा आणि तोंडाचा त्यात काय संबंध, आणि मध्ये तीन आठवडे का थांबायचे, हेही मला नीट समजून घ्यायचे आहे. आईला उगाच धीर देण्यापेक्षा खरे ते सांगता यावे अशी माझी इच्छा आहे. ज्यांना माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

औषधशास्त्राचा शिक्षक:

अबोलीताई, मी रुग्ण तपासत नाही, औषधशास्त्र शिकवतो. त्यामुळे आईंच्या उपचाराबाबत शेवटचा शब्द त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टचाच, म्हणजे कर्करोगतज्ज्ञांचाच, राहील. पण आईंचा प्रश्न इतका नेमका आहे की त्याचेच उत्तर आधी देतो. बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात.

एक सेंटिमीटरच्या गाठीत अंदाजे १०० कोटी पेशी असतात. म्हणजेच काही हजार किंवा काही लाख पेशींचा पुंजका शरीरात कुठे असला, तर तो कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही आणि हाताला तर लागतच नाही. काखेतील ग्रंथींमध्ये पेशी सापडल्या याचा अर्थ, मूळ गाठीतून बाहेर पडण्याची वाट काही पेशींना सापडली होती. त्यांतल्या काही रक्तावाटे हाडे, यकृत किंवा फुप्फुसांत जाऊन बसल्या असतील, कदाचित नसतीलही. आज ते तपासून खात्रीने सांगता येत नाही, आणि त्या वाढून दिसू लागेपर्यंत वाट पाहिली तर रोग पूर्ण बरा करण्याची संधी बहुधा हातची जाते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, रक्तावाटे सगळीकडे पोचणारे औषध देतात. याला पूरक केमोथेरपी म्हणतात. इटलीत मिलान येथे जानी बोनादोना यांनी काखेपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी देऊन पाहिली, आणि नुसती शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत रोग परतण्याचे प्रमाण घटल्याचे १९७६ मध्ये दाखवून दिले. आईंना मिळणारा उपचार त्याच वाटेवरचा आहे, फक्त औषधे त्यानंतरची आणि अधिक प्रभावी आहेत.

आता ही औषधे करतात काय? पेशी दुभंगण्याच्या कामात ती वेगवेगळ्या ठिकाणी खोडा घालतात. सायक्लोफॉस्फमाइड शिरेतून जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतात गेल्यावर ते सक्रिय होते आणि डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकते, त्यामुळे पेशीला त्यांची नक्कल काढता येत नाही. डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसते. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी पेशीतला एक विकर धागा कापतो आणि पुन्हा जोडतो; हे औषध असताना धागा कापला जातो, पण जोडणे राहून जाते. पॅक्लिटॅक्सेलची जागा निराळी आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्या गरजेनुसार जुळाव्या आणि सुटाव्या लागतात. पॅक्लिटॅक्सेल त्या नळ्या जुळलेल्या अवस्थेतच गोठवते आणि पेशी अर्ध्यावर अडकून मरते. तीन ठिकाणी तीन निरनिराळे घाव घातल्यामुळे एका औषधाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याला सापडण्याची शक्यता वाढते.

यातल्या एकाही औषधाला कर्करोगाची पेशी ओळखता येत नाही. जी पेशी भराभर दुभंगते आहे तिला इजा करायची, एवढेच त्याला ठाऊक. आपल्या शरीरात सतत दुभंगणाऱ्या निरोगी पेशी मुख्यतः चार ठिकाणी असतात: हाडांच्या मगजात, जिथे रक्त तयार होते, केसांच्या मुळांशी, तोंडापासून आतड्यापर्यंतच्या अस्तरात, आणि जननग्रंथींमध्ये. छापील यादीतले बरेचसे दुष्परिणाम या चार ठिकाणांत बसतात. फरक एवढाच की निरोगी मगज आणि निरोगी अस्तर झालेली इजा भरून काढू शकते, तर कर्करोगाच्या पेशींना ते तितके चांगले जमत नाही. केमोथेरपीचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे, आणि तीन आठवड्यांचे गणितही तिथूनच येते.

पांढऱ्या पेशींपैकी जंतूंशी सर्वांत आधी लढणाऱ्या न्यूट्रोफिल्स रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात. प्लेटलेट्स आठ ते दहा दिवस टिकतात, आणि तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. औषधाने मगजातले उत्पादन मंदावले की ज्यांचा साठा सर्वांत अल्पजीवी, त्यांचा तुटवडा आधी जाणवणार. म्हणून न्यूट्रोफिल्स साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत बहुधा सावरतात. हिमोग्लोबिन मात्र महिन्यामहिन्याने हळूहळू उतरते. पुढचा डोस तिसऱ्या आठवड्याअखेर देतात तो मगज सावरल्यानंतर, पण उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना पुन्हा फोफावण्याइतकी उसंत मिळण्याच्या आत. पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला देता येते, कारण त्याचा डोस लहान भागांत विभागलेला असतो आणि मगजाला तो तुलनेने सोसवतो.

एवढ्या फेऱ्या का, याचे उत्तर हॉवर्ड स्किपर यांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर केलेल्या प्रयोगांतून मिळाले. एका डोसने पेशींची ठरावीक संख्या मरत नाही, ठरावीक प्रमाण मरते. समजा एका फेरीत शंभरातल्या ९९ पेशी मेल्या, तर दहा लाखांच्या दहा हजार होतात, दहा हजारांच्या शंभर, आणि शंभरांची एक. माणसाच्या शरीरातली गाठ इतक्या सरळ हिशेबाने वागत नाही, पण पहिल्या दोन फेऱ्यांनंतर "आता बरे वाटते आहे, थांबूया" असे का म्हणू नये, ते यावरून कळावे.

नातेवाइकांपैकी कुणी "हे विष आहे" असे म्हणाले तर आईंनी दचकू नये म्हणून हेही सांगून ठेवतो. या औषधांची सुरुवात खरोखरच युद्धातल्या विषारी वायूपासून झाली. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने मेलेल्यांच्या शवविच्छेदनात मगज रिकामा झालेला आढळला होता. त्या वायूच्या रासायनिक भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी काम केले आणि १९४२ मध्ये ते प्रथम लिम्फोमाच्या, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाच्या, एका रुग्णाला दिले गेले. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे ही माहिती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. आईंचे सायक्लोफॉस्फमाइड त्याच कुळातले आहे. पण सगळी औषधे त्या कुळातली नाहीत. डॉक्सोरुबिसिन मातीतल्या जिवाणूंपासून मिळाले, पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून, आणि रक्ताच्या कर्करोगात देतात ते व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून. औषध झाडापासून आले म्हणून सौम्य होत नाही आणि प्रयोगशाळेतून आले म्हणून क्रूर ठरत नाही. मात्रा, वेळ आणि देखरेख यांवर सारे अवलंबून असते.

---

डेकेअरची सिस्टर:

ताई, मी केमोथेरपीच्या डेकेअर विभागात बरीच वर्षे काम केले आहे. सरांनी विज्ञान सांगितले, मी प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगते.

त्या दिवशी आधी रक्ताचा अहवाल पाहिला जातो. काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, पुरेसे नसतील तर केमो पुढे ढकलतात. असे झाले तर खचून जाऊ नका, ती सुरक्षिततेची रीत आहे. उंची आणि वजन पुन्हा घेतात, कारण या औषधांचा डोस बहुधा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. मग उलटी होऊ नये म्हणून आधीच औषधे देतात. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी उलटीच्या बाबतीत अधिक त्रासदायक गटात मोडते, त्यामुळे ऑनडॅनसेट्रॉनच्या जातीचे औषध, डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंटसारखे औषध आणि बऱ्याचदा रात्री ओलान्झापिन अशी एकत्र योजना असते. हे महत्त्वाचे आहे: घरी न्यायला दिलेल्या उलटीच्या गोळ्या उलटी होण्याआधी, सांगितलेल्या वेळीच घ्यायच्या असतात. पुष्कळ जण पहिल्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या ठेवून देतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ उसळते. मळमळीची ही दुसरी लाट चोवीस तासांनंतर येते आणि चार-पाच दिवस राहू शकते. गोळ्यांनी भागत नसेल तर तसे सांगा, दुसरी औषधे आहेत. या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, हेही लक्षात असू द्या.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असते. सिस्टर ते शिरेतून हळूहळू देत असताना आईंना टोचल्याच्या जागी जराशी जरी जळजळ, टोचणी किंवा सूज जाणवली तरी त्यांनी त्याच क्षणी बोलले पाहिजे. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर कातडीला आणि खालच्या मांसाला खोल जखम होऊ शकते. "सिस्टर कामात आहेत, कशाला त्रास द्यायचा" असा संकोच करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आईंना घरीच सांगून ठेवा की या एका बाबतीत भिडस्तपणा नको. शिरा नाजूक असतील तर पोर्टबद्दल, म्हणजे औषध मोठ्या शिरेत सोडण्यासाठी छातीत कातडीखाली बसवायच्या छोट्या डबीबद्दल, विचारा. ज्या बाजूच्या काखेतील ग्रंथी काढल्या आहेत त्या हाताला शक्यतो सुई टोचत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी "डावा हात नको" असे आपणही सांगावे.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर दिसेल. तो औषधाचा रंग असतो, रक्त नव्हे. पण त्यानंतर लाल झाली किंवा जळजळ असली तर कळवा, कारण सायक्लोफॉस्फमाइडचा एक अंश मूत्राशयाच्या अस्तराला त्रास देतो. त्यासाठीच भरपूर पाणी प्यायला आणि लघवी न तुंबवायला सांगतात. पहिले ४८ तास लघवी, शौच, उलटी यांतून औषध बाहेर पडत असते. या काळात ते साफ करताना हातमोजे घालावेत, झाकण बंद करून दोनदा पाणी सोडावे आणि डागलेले कपडे वेगळे धुवावेत. जवळ बसायला, मिठी मारायला, त्यांच्याशेजारी झोपायला काहीही हरकत नाही.

आता रात्री दोन वाजताचा तुमचा प्रश्न. ताप. तोंडात धरलेल्या थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, की सकाळची वाट न पाहता निघायचे. पांढऱ्या पेशी तळाला असतात तेव्हा जंतुसंसर्ग झाला तरी पू होत नाही, सूज येत नाही, लाली दिसत नाही, कारण हे सगळे करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. ताप हीच एकमेव खूण असते, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. दारातच "केमो सुरू आहे, ताप आला आहे" हे शब्द उच्चारा, रांगेत बसून राहू नका. हुडहुडी भरली आणि ताप नसला तरीही कळवा.

तापाखेरीज लगेच जायला लावणाऱ्या गोष्टी म्हणजे धाप लागणे किंवा छातीत दुखणे, न थांबणारा रक्तस्राव, पोटात पाणीसुद्धा न ठरणे, दिवसात अनेकदा पातळ शौच होऊन गळून जाणे, आणि एका पायाला अचानक सूज येऊन दुखणे. कर्करोग आणि केमो या दोन्हींमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून शेवटची खूण मी मुद्दाम सांगते. तोंड येणे बहुतेकांना थोडेफार होते. मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळणे, एवढ्यावर पुष्कळांचे निभावते. गिळता येईनासे झाले तर मात्र सहन करत बसू नये.

---

मोगरा:

अबोली, माझ्या सोळाच्या सोळा केमो याच औषधांच्या झाल्या, त्याला आता तीन वर्षे झाली. आईला सांग की सगळे दिवस सारखे वाईट नसतात. माझे पहिले चार दिवस मळमळीचे आणि जड डोक्याचे जायचे, पाचव्या-सहाव्या दिवशी नुसता थकवा असायचा, आणि तिसरा आठवडा जवळजवळ माझा नेहमीचा असायचा. मी एका वहीत प्रत्येक फेरीचे एक ते एकवीस दिवस आखले होते आणि दिवसापुढे दोन ओळी लिहायचे. दुसऱ्या फेरीपासून त्या वहीचा फार आधार झाला, कारण आज वाटते आहे ते परवा ओसरेल हे माझ्याच अक्षरात समोर लिहिलेले असायचे. डॉक्टरांनाही ती वही उपयोगी पडली.

केस सतराव्या दिवशी गळायला लागले. त्याआधी दोन दिवस डोक्याची कातडी दुखरी झाली होती. सकाळी उठले तेव्हा उशीवर केसांचा पुंजका होता आणि मी विंचरायला हात लावला तर तो हातातच आला. मी मनाची तयारी केली होती असे मला वाटत होते, पण त्या सकाळी ती पुरली नाही. आईला "केस काय, परत येतील" असे लगेच म्हणू नकोस. ते खरे आहे, माझे शेवटच्या केमोनंतर दोन-तीन महिन्यांत यायला लागले, आधी मऊ आणि कुरळे. पण त्या दिवशी तिला रडावेसे वाटले तर रडू दे. भुवया आणि पापण्याही जातात, हे मला कुणी सांगितले नव्हते.

पॅक्लिटॅक्सेल पोटाला सोपे गेले. मात्र सातव्या-आठव्या आठवड्यापासून पायांची बोटे बधिर वाटू लागली आणि ब्लाउजचे हूक लावताना बोटांना ते हूक लागेनात. मी ते दोन आठवडे अंगावर काढले, कारण सांगितले तर औषध बंद करतील अशी भीती होती. शेवटी सांगितले तेव्हा डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला आणि सर्व फेऱ्या पूर्ण झाल्या. हातांचा बधिरपणा गेला, पायांच्या अंगठ्यांत अजून थोडा आहे.

माझी एक चूक मात्र करू नका. दुसऱ्या फेरीच्या दहाव्या रात्री मला १००.८ ताप आला. घरच्यांची झोप मोडायला नको म्हणून मी पॅरासिटामॉल घेतले, ताप उतरला, आणि सकाळी मला उठून उभे राहता येईना. पाच दिवस ॲडमिट होते.

---

डेकेअरची सिस्टर:

मोगराताईंनी हे लिहिले ते फार बरे केले. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही, आणि आमच्या हातातली एकमेव खूण पुसली जाते. म्हणून केमोच्या काळात अंग दुखले, डोके दुखले तरी आधी ताप मोजायचा, मग विचारून गोळी घ्यायची. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, कारण प्लेटलेट्स कमी असताना त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. अशा एका प्रसंगानंतर, किंवा धोका अधिक असेल तर आधीपासूनच, पांढऱ्या पेशी वाढवणारे फिल्ग्रास्टिमच्या जातीचे इंजेक्शन देतात. ते केमोनंतर किमान चोवीस तासांनी द्यायचे असते. त्याने कंबर आणि मोठी हाडे ठणकतात, ते मगज कामाला लागल्यामुळे.

---

अबोली:

सर्वांची मनापासून आभारी आहे. आईला मी शंभर कोटी पेशींची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे बी राहिले असेल तर ते उगवायच्या आत."

अजून तीन शंका आहेत. हृदयाबद्दल यादीत लिहिले आहे त्याची कितपत काळजी करावी? एका नातेवाइकांनी प्रतिकारशक्तीसाठी वनस्पतींचे चूर्ण आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या आहेत, त्या चालतील का? आणि केमोऐवजी इम्युनोथेरपी घेतली तर त्रास होत नाही असे कुणीतरी सांगितले, ते खरे आहे का?

---

औषधशास्त्राचा शिक्षक:

आईंनी एका वाक्यात जे सांगितले ते मला चार परिच्छेद लागले.

हृदयाचा धोका डॉक्सोरुबिसिनच्या आयुष्यभरातल्या एकूण मात्रेबरोबर वाढत जातो. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या आसपास तो लक्षणीय होतो. तुम्ही सांगितलेल्या योजनेत नेहमीची मात्रा एका वेळी ६० मिलिग्रॅम असते, म्हणजे चार वेळांची मिळून २४०. धोका शून्य होत नाही, विशेषतः वय जास्त असेल, रक्तदाब किंवा आधीचा हृदयविकार असेल तर. म्हणून सुरुवातीला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. तो झाला आहे ना, हे विचारून घ्या, आणि पुढे कधीही या कुळातले औषध द्यायची वेळ आली तर आधी किती मिळाले होते ते सांगता यावे म्हणून सगळे कागद जपून ठेवा. पॅक्लिटॅक्सेलचा बधिरपणा वेगळ्या कारणाने येतो. मी मघाशी ज्या सूक्ष्म नळ्यांबद्दल लिहिले त्याच नळ्यांच्या रुळांवरून मज्जातंतूंमध्ये मालाची ने-आण चालते. जो तंतू सर्वांत लांब, त्याच्या टोकाला पुरवठा आधी तुटतो, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून. मोगराताईंनी ते लवकर सांगायला हवे होते हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. डोस वेळीच कमी केला तर कायमची इजा टळू शकते.

चूर्ण आणि गोळ्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ऑन्कॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय केमोच्या काळात काहीही घेऊ नये. आईंच्या औषधांना सक्रिय करणे आणि शरीराबाहेर काढणे ही कामे यकृतातले विकर करतात. अनेक वनस्पतींतले घटक या विकरांचे काम वाढवतात किंवा रोखतात. वाढले तर औषध निष्प्रभ होते, रोखले तर नेहमीचा डोसही अति ठरतो. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती आतड्याच्या कर्करोगातील इरिनोटेकन या औषधाची रक्तातली सक्रिय मात्रा घटवते, हे सिद्ध झालेले आहे. आणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. गोळ्या कपाटात ठेवा आणि पुढच्या भेटीत सोबत न्या.

इम्युनोथेरपीबद्दल ऐकलेले अर्धे खरे आहे. कर्करोगाने प्रतिकारशक्तीला घातलेला लगाम काढणे हे तिचे तत्त्व, आणि त्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. तिने सहसा केस जात नाहीत. पण सुटलेली प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसांवर, यकृतावर किंवा थायरॉइडवर उलटते, आणि त्यावर स्टेरॉइड द्यावे लागते. त्याहून मोठा मुद्दा असा की ती प्रत्येक कर्करोगावर चालत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या, हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह स्तनाच्या कर्करोगात केमोऐवजी इम्युनोथेरपी देणे हा मान्य पर्याय नाही. आईंना केमो संपल्यावर पाच वर्षे किंवा अधिक काळ हॉर्मोनविरोधी गोळी सुचवली जाईल. ती केमो नाही, पण तिचे महत्त्व केमोपेक्षा तिळभरही कमी नाही. कंटाळून ती मध्येच सोडणारे पुष्कळ आहेत, म्हणून आताच लिहून ठेवतो.

---

नदीकाठ:

एक गोष्ट राहिली आहे असे मला वाटते, म्हणून लिहितो. केमो हा एकच शब्द असला तरी ती देण्यामागचे हेतू वेगळे असतात. अबोली यांच्या आईंच्या बाबतीत हेतू रोग परतू न देण्याचा आहे. काही वेळा गाठ आक्रसावी म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी देतात. मुलांचा रक्ताचा कर्करोग, हॉजकिन लिम्फोमा किंवा वृषणाचा कर्करोग असेल, तर मुख्यतः केमोनेच रुग्ण पूर्ण बरे होतात. माझ्या वडिलांचा फुप्फुसाचा कर्करोग मात्र पसरलेला होता. त्यांची केमो रोग काही काळ रोखण्यासाठी आणि धाप कमी करण्यासाठी होती. पहिले दोन महिने त्यांना तिचा उपयोगही झाला, रात्री आडवे होऊन झोपता येऊ लागले. पण हेतू आम्हाला कुणी स्पष्ट सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही, त्यामुळे आम्ही ते पूर्ण बरे होण्याची वाट पाहत राहिलो आणि शेवटच्या फेऱ्या त्यांना नको असतानाही आग्रहाने देवविल्या. ते मला अजून लागून राहिले आहे. डॉक्टरांना थेट विचारावे की ही केमो कशासाठी आहे, तिचा उपयोग होतो आहे हे कशावरून कळेल, आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे. रुग्ण ऐकू शकत असेल तर त्याच्यासमोर विचारावे.

---

अबोली:

नदीकाठ, तुम्ही लिहिलेत ते वाचून आज आम्ही भेटीत हा प्रश्न आईसमोरच विचारला. डॉक्टरांनी आईकडे पाहून उत्तर दिले, माझ्याकडे नाही, आणि तिला ते आवडले. इको झाला आहे, चांगला आहे. चूर्ण बंद ठेवायला सांगितले. सिस्टर, शेवटचे एक विचारते: ताप दिवसातून किती वेळा मोजायचा? आई प्रत्येक तासाला मोजेल अशी तिची आजची तयारी दिसते आहे.

---

डेकेअरची सिस्टर:

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि एरवी अंग गरम वाटले, थंडी वाजली किंवा "काहीतरी ठीक नाही" असे आईंना वाटले की त्या क्षणी. काही गरम किंवा थंड प्यायल्यावर अर्धा तास थांबून मोजा, नाहीतर आकडा चुकतो. गुदद्वारातून मोजू नका, काउंट कमी असताना तिथली बारीकशी जखमही महागात पडते. थर्मामीटर उशाशी ठेवा, रुग्णालयाचा रात्रीचा क्रमांक दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत चिकटवा, आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या रात्री तुमचा फोन बंद ठेवू नका. पहिल्या फेरीनंतर आई कशा आहेत ते इथे लिहाल का? मी वाट पाहते.